सेल : खोली एक, भाडेकरू अनेक

नववीच्या वर्गात आम्ही एकदा फळ्यावर ‘सेल’ एवढाच शब्द लिहिला आणि मुलांना सांगितले, की हा शब्द वाचताच जी वस्तू डोळ्यांसमोर आली ती कागदावर काढा. घड्याळातील पेन्सिल सेल बहुतेकांनी काढला. काहींनी मोबाइल काढला. दोघातिघांनी कांद्याच्या पापुद्र्यात दिसते तशी विटांची रचना काढली. एका मुलीने साड्यांच्या दुकानाची पाटी काढून तिच्यावर ‘भव्य सेल’ असे लिहिले. मागच्या बाकावरील एका मुलाने गजांचे दार काढले होते. तो नुकताच अंदमानची सहल करून आला होता.

ही सगळी उत्तरे बरोबर होती आणि तीच आमची अडचण होती. आता बऱ्याच मराठी शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत. त्या वर्गातील मुलांना एकाच वर्षात जीवशास्त्राच्या तासाला ‘सेल’ शिकावा लागतो आणि विजेच्या धड्यातही ‘सेल’च शिकावा लागतो. मराठी माध्यमात पहिल्याला पेशी आणि दुसऱ्याला विद्युत घट असे दोन वेगळे शब्द असल्यामुळे गोंधळ होत नाही. सेमी-इंग्रजीच्या एका हुशार विद्यार्थ्याने आम्हाला मनापासून विचारले होते, “सर, शरीरातल्या सेलमध्ये पण अधिक-उणे टोक असते का?” या प्रश्नाला हसण्यासारखे काही नाही. चेतापेशीच्या पटलाच्या दोन बाजूंना विद्युतभारात फरक असतो, हे पुढे त्याला शिकायचेच आहे. पण त्याच्या मनात हा प्रश्न उठला तो केवळ शब्दसाम्यामुळे. म्हणून हा शब्द मुळापासून पाहावा असे आम्ही ठरवले. पाहता पाहता आमचीच एक जुनी चूक हाती लागली. ती पुढे सांगतो.

आधी साड्यांची पाटी बाजूला करू. दुकानातील सेल हा निराळाच शब्द आहे. विकणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाशी तो जोडलेला असून, त्या क्रियापदाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ ‘देणे, हवाली करणे’ असा होता. इंग्रजीत या शब्दांची अक्षरे वेगळी आहेत आणि उच्चारही पूर्ण सारखे नाहीत. देवनागरीत मात्र सगळ्यांचे ‘सेल’ होते. कोर्टातील ‘पेशी’ आणि शरीरातील ‘पेशी’ यांचेही असेच आहे. पहिली फारसीतून आली आणि तिचा अर्थ समोर हजर होणे. दुसरी संस्कृत आहे. दोघींचे नाते नाही. शब्द सारखा दिसला म्हणून सोयरीक जुळवू नये, हे आरंभीच सांगितलेले बरे, कारण थोड्याच वेळात आम्ही एक चकित करणारी सोयरीक जुळवणार आहोत.

उरलेले सेल एकाच घरातले आहेत. लॅटिनमध्ये ‘सेल्ला’ म्हणजे लहान खोली, कोठार. रोमन लोक धान्य, तेल, द्राक्षाची दारू ज्या खोल्यांत साठवत त्यांना सेल्ला म्हणत. तळघर या अर्थाचा इंग्रजी ‘सेलर’ याच कुळातला. रोमन देवळात मूर्ती असे त्या आतल्या दालनालाही सेल्लाच म्हणत, म्हणजे आपला गाभारा. व्हर्जिल या रोमन कवीने मधमाश्यांच्या पोळ्यातील कप्प्यांसाठीही हाच शब्द वापरला आहे. हे ध्यानात ठेवावे.

सेल्लाच्या मागे ‘झाकणे, लपवणे’ अशा अर्थाचा एक फार जुना धातू असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. लपवणे या अर्थाचा इंग्रजी ‘कन्सील’ लॅटिनमधून आला, तोही या धातूपासूनच. जर्मन आणि इंग्रजी ज्या शाखेत मोडतात तिच्यात या धातूच्या आरंभीच्या ‘क’चा ‘ह’ झाला. त्यातून दालन या अर्थाचा ‘हॉल’, डोके झाकणारे ‘हेल्मेट’ आणि जमिनीखाली दडलेला नरक म्हणजे ‘हेल’ हे शब्द आले. संस्कृतात त्याच जागी ‘श’ आला. असा बदल एखाद्याच शब्दात झालेला नाही. कुत्र्याला संस्कृतात श्वन्, लॅटिनमध्ये कानिस आणि इंग्रजीत हाउंड. शंभराला शत, केन्टुम् आणि हंड्रेड. ‘श’, ‘क’, ‘ह’ अशी ही रांग शब्दाशब्दांतून नियमाने दिसते. तेव्हा हॉल आणि सेल्ला यांच्या रांगेत संस्कृतात कोणता शब्द बसेल? निवारा, घर, दालन या अर्थाचा ‘शाला’. म्हणजे आपली शाळा! इंग्रजी ‘स्कूल’चा मात्र या कुळाशी संबंध नाही. तो ग्रीक भाषेतील ‘फावला वेळ’ या अर्थाच्या शब्दावरून आला. शाळेचे खरे भावंड सेल आहे. (फावल्या वेळाची गोष्ट शिक्षकांनी मुलांना सांगावी की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.)

ख्रिस्ती मठांच्या काळात हा शब्द धर्माच्या आश्रयाला गेला. मोठ्या मठाच्या अखत्यारीतील लहान मठाला आणि जोगी एकटा राहतो त्या खोलीलाही सेल म्हणू लागले. आपल्याकडील कान्हेरी, कार्ले, अजिंठा येथील विहारांत मधल्या दालनाभोवती भिक्षूंसाठी खोदलेल्या चिमुकल्या खोल्या असतात. पुरातत्त्वाच्या इंग्रजी पुस्तकांत त्यांना सेलच म्हणतात. आत एक दगडी ओटा आणि माणूस वाकून शिरेल एवढे दार. लेण्यांची सहल नेली तर मुलांना त्यात बसवून पाहावे. शब्दाचा मूळ अर्थ सांगायला त्याहून चांगले साधन नाही.

मठातून हा शब्द तुरुंगात गेला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत व इंग्लंडमध्ये एक विचार बळावला होता. कैद्यांना एकत्र कोंडू नये, प्रत्येकाला जोग्यासारखे एकांतात ठेवावे, म्हणजे त्याला पश्चात्ताप होईल. फिलाडेल्फियाचा तुरुंग १८२९ साली आणि लंडनचा पेंटनव्हिल १८४२ साली या कल्पनेवर उघडले. पोर्ट ब्लेअरचा तुरुंग त्याच परंपरेतला. १८९६ ते १९०६ या काळात तो बांधला गेला. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या. त्यांत सामाईक बराकी नव्हत्या, एकट्या माणसाच्या जवळजवळ सातशे कोठड्या होत्या. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडे शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे असत, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. कोठड्यांचा म्हणून सेल्युलर. विनायक दामोदर सावरकर तेथे १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे होते. त्यांचे थोरले बंधू बाबाराव हेही तेथेच होते. मराठी घरांत हे नाव शंभर वर्षे उच्चारले जात आहे, पण ‘सेल्युलर’ म्हणजे काय, असे वर्गात विचारले तर मुले गप्प बसतात. एकाने धीर करून ‘पेशीमय तुरुंग’ असे उत्तर दिले. पश्चात्तापाचे म्हणाल, तर एकांताने तो किती झाला हा प्रश्नच आहे. वेडाचे झटके मात्र पुष्कळांना आले.

आता आमच्या चुकीकडे वळू. रॉबर्ट हूकने बुचाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याला मठातील जोग्यांच्या खोल्यांसारखी रचना दिसली आणि म्हणून त्याने ‘सेल’ हे नाव दिले, ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. अनेक पुस्तकांतही ती आहे. हूकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अठरावे निरीक्षण बुचाविषयी आहे. ते मुळातून वाचले, तर त्यात जोगी नाहीत आणि मठही नाही. तेथे आहे मधाचे पोळे. बुचाची रचना बऱ्याच बाबतींत पोळ्यासारखी आहे असे हूक म्हणतो, आणि त्या पोकळ्यांना कधी छिद्रे, कधी पेट्या आणि कधी सेल म्हणतो. म्हणजे सजीवाचा मूलघटक म्हणून काही शोधून त्याचे बारसे करावे, असा त्याचा मुळीच हेतू नव्हता. पोळ्याच्या कप्प्याला चालत आलेला शब्द त्याने बुचाच्या कप्प्यालाही लावला, इतकेच.

त्याला हवे होते ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर. बूच इतके हलके का? ते दाबले तर दबते आणि सोडले तर पुन्हा फुगते, ते कसे? पाण्यावर तरंगते, पण पाणी शोषून घेत नाही, असे का? वस्तऱ्यासारख्या धारदार चाकूने त्याने बुचाचा अगदी पातळ काप काढला. काप पांढरट म्हणून तो काळ्या तबकडीवर ठेवला आणि भिंगाने त्यावर प्रकाश पाडला. पाहतो तो सगळ्या पोकळ्या! हवेने भरलेल्या आणि एकमेकींपासून बंद. वजन, दाबणे, तरंगणे या तिन्ही प्रश्नांचा उलगडा एका कापात झाला.

आणि मग त्याने त्या मोजल्या. हा भाग वर्गात अवश्य करून घ्यावा. इंचाच्या अठराव्या भागात ओळीने सुमारे ६० पोकळ्या बसतात असे त्याला आढळले. म्हणजे इंचाला ६० × १८ = १०८०. चौरस इंचाला १०८० × १०८०, म्हणजे ११,६६,४००. घन इंचाला पुन्हा १०८० पट, म्हणजे १,२५,९७,१२,०००. सव्वाशे कोटींच्या वर! हे सारे आकडे हूकने स्वतः दिले आहेत. मुलांना उलटे गणित घालावे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याला १०८० ने भागले की एका पोकळीची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे चाळीसाव्या भागाइतकी येते. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी यापेक्षा बऱ्याच लांब असतात. पारदर्शक मोजपट्टीचा तुकडा शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास किती मिलिमीटर ते आधी पाहावे, आणि मग त्या व्यासावर किती पेशी बसतात ते मोजावे. हूकचीच रीत मुलांच्या हातात येते.

मात्र हूकला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंती. हिरव्या वनस्पतींत हे कप्पे रसाने भरलेले असतात, हे त्याने नोंदवले आहे. पण ‘सेल’ या नावाने ठसवली ती खोली, खोलीतला रहिवासी नव्हे. १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांबद्दल पेशीसिद्धांत मांडला, तेव्हाही जर्मन भाषेत खोलीचाच शब्द वापरला गेला. पुढे लक्षात आले की प्राण्यांच्या पेशींना वनस्पतींसारखी भिंत नसतेच. अखेर १८६१ मध्ये माक्स शुल्ट्झ यांनी पेशीची व्याख्याच बदलली. पेशी म्हणजे केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा, भिंत असो वा नसो. १८९२ मध्ये युलिउस सॅक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने केंद्रक आणि त्याच्या अमलाखालील जीवद्रव्य यांना ‘एनर्जिड’ असे वेगळे नावही सुचवले. ते मागे पडले. शब्द एकदा रुळला की तो चुकीचा असला तरी हटत नाही. फिरखोचे ‘प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच’ हे सूत्र तर इंग्रजी वा जर्मन शब्दाच्या मूळ अर्थाने घेतले, तर ‘प्रत्येक खोली खोलीपासूनच’ असे होईल!

येथे मराठीचे भाग्य पाहण्यासारखे आहे. हिंदीने ‘कोशिका’ हा शब्द घेतला. कोश म्हणजे म्यान, पेटी, आवरण. म्हणजे हिंदीनेही खोलीच पत्करली. मराठीने घेतलेल्या ‘पेशी’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ मांसाचा गोळा किंवा तुकडा असा आहे. शुल्ट्झ यांनी जे व्याख्या बदलून साधले ते आपल्या शब्दात आधीच बसलेले होते. आमच्या मते पेशी हा शब्द मूळ इंग्रजी शब्दापेक्षा सरस आहे. त्याचा एक तोटाही आहे. ‘मांसपेशी’ असे वाचले की मुलांना स्नायू म्हणजे एकच पेशी असे वाटू शकते. पण वहीत मधोमध ठिपका असलेला रिकामा चौकोन काढून त्याला पेशी म्हणणारी मुले आपल्याला वर्षानुवर्षे भेटतात. ती मुले पेशी काढत नाहीत, इंग्रजी सेल काढतात. अशा वेळी गालाच्या आतील पेशी निळीने रंगवून दाखवाव्यात. कोपरे नाहीत आणि भिंतीही नाहीत, हे पाहून मुले थोडी खट्टू होतात.

भिंतीचे नाव मात्र सेलने योग्य जागी ठेवले. फ्रान्सच्या आन्सेल्म पायां यांनी वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतील मुख्य पदार्थ १८३८ च्या सुमारास वेगळा केला आणि त्याला सेल्युलोज हे नाव मिळाले. त्यावरून सेल्युलॉइड आणि सेलोफेन. चित्रपटाच्या दुनियेला अजून सेल्युलॉइड म्हणतात, त्याच्या मुळाशी झाडाची भिंत आहे.

विजेच्या सेलची कथा छोटी आहे. व्होल्टाने १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली. चळतीतून पाणी झिरपे. मग इंग्लंडमध्ये क्रुकशँक यांनी लाकडी पेटी आडवी ठेवून तिच्यात धातूच्या पत्र्यांचे पडदे बसवले आणि मधल्या कप्प्यांत आम्ल भरले. कप्पा म्हणजे सेल. येथे हा शब्द अगदी घरच्यासारखा बसतो. पुढे काचेच्या बरण्या आल्या, त्यामुळे आपला ‘घट’ही तितकाच चपखल आहे. फक्त ‘विद्युत घट’ म्हणताना विजेत घट झाली असे समजणारी मुलेही असतात, तेव्हा एकदा मडके काढून दाखवावे.

अनेक सेल एकत्र जोडले की बॅटरी. तोफांच्या समूहाला बॅटरी म्हणत, तो शब्द बेंजामिन फ्रँकलिनने विद्युतभार साठवणाऱ्या उपकरणांच्या समूहाला १७४९ च्या पत्रात वापरला. आपल्याकडे खेड्यातला माणूस विजेरीला ‘बॅटरी’ म्हणतो आणि ‘बॅटरीतले सेल संपले’ असे सांगतो. इंग्रजी शिकलेली मंडळी त्याला हसतात. पण समूह ती बॅटरी आणि एकेक तो सेल, हा भेद खेडूतच नेमका पाळतो. मोटारीच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे २ व्होल्टचे, म्हणून ती १२ व्होल्टची. जुन्या धर्तीच्या बॅटरीवर पाणी घालायची सहा झाकणे मोजता येतात. उलट मोबाइलची ‘बॅटरी’ बहुधा एकाच सेलची असते.

मोबाइलला सेलफोन म्हणतात ते मात्र या सेलमुळे नव्हे. मुलांची येथे हमखास फसगत होते. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी एक टिपण लिहिले. वायरलेस संदेशांसाठी कंप्रता थोड्या आणि बोलणारे पुष्कळ. एकच मोठा मनोरा उभारला तर शहरात एका वेळी मूठभर लोकच बोलू शकतील. त्याऐवजी प्रदेशाचे लहान लहान कप्पे पाडावेत आणि प्रत्येक कप्प्याला आपला कमी ताकदीचा मनोरा द्यावा. शेजारच्या कप्प्यांनी वेगळ्या कंप्रता वापराव्यात, पण थोड्या अंतरावरील कप्प्यात त्याच कंप्रता पुन्हा वापरता येतील. हे कप्पे म्हणजे सेल. प्रत्यक्षात यायला बराच काळ गेला. मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बोलून दाखवले ते ३ एप्रिल १९७३ रोजी, आणि भारतातला पहिला मोबाइल संवाद कोलकाता व दिल्ली यांच्या दरम्यान ३१ जुलै १९९५ रोजी झाला.

या कप्प्यांचा आकार नकाशावर षट्कोनी धरतात. का, ते मुलांना कागद कापून शोधू द्यावे. मनोऱ्याचा संदेश सर्व दिशांना सारखाच जातो, म्हणून वर्तुळ नैसर्गिक. पण वर्तुळे शेजारी शेजारी ठेवली तर मध्ये फटी राहतात. फट न ठेवता बसणाऱ्या सुसम आकृत्या तीनच : त्रिकोण, चौरस, षट्कोन. मध्यापासून कोपऱ्याचे अंतर एक धरले, तर त्रिकोणाचे क्षेत्रफळ सुमारे १.३, चौरसाचे २ आणि षट्कोनाचे २.६ येते. तितक्याच ताकदीच्या मनोऱ्याने षट्कोनात सर्वांत जास्त जागा व्यापते, म्हणजे मनोरे कमी लागतात. मधमाश्यांच्या बाबतीत मेण कमी लागते. हूकला बूच पाहून जे पोळे आठवले, तेच येथे अभियंत्यांच्या कागदावर उमटलेले दिसते.

कागदावर, असे म्हणायचे कारण खऱ्या गावात हे षट्कोन नसतात. टेकडी आडवी येते, उंच इमारत सावली पाडते, आणि कप्प्याची कड वेडीवाकडी होते. आपल्या गावात रेंज कुठे जाते हे मुलांना तोंडपाठ असते. गावाच्या नकाशावर त्या जागा त्यांच्याकडून खुणावून घ्याव्यात आणि मनोऱ्याची जागाही दाखवावी. आम्ही हे केले तेव्हा आमच्या कप्प्याची एक कड देवळामागच्या टेकाडावरून गेलेली निघाली, आणि शाळा नेमकी तिच्या पलीकडच्या बाजूला होती.